उरल्याचे पाणी आणि कामगाराची भाकरी

पगाराचा प्रश्न युनियनचा आणि पाण्याचा प्रश्न ग्रामपंचायतीचा, अशी एक वाटणी आपल्या चळवळीत बरीच वर्षे चालत आलेली आहे. तिच्यासाठी कोणी ठराव मांडला नव्हता, ती सवयीने पडली. तिचा लाभ कोणाच्या पदरात पडला हे ज्याला पाहायचे असेल त्याने रायपूरजवळच्या उरला भागात एकदा जाऊन यावे.

रायपूरहून बिलासपूरकडे निघालेली गाडी उरकुरा आणि मांढर ही स्टेशने घेते, तो सगळा टापू कारखान्यांचा आहे. उरला आणि पलीकडे सिलतरा अशा दोन मोठ्या औद्योगिक वसाहती येथे आहेत. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, फेरो अलॉयचे कारखाने, रोलिंग मिली, तार ओढणारे कारखाने, आणि त्यांना वीज पुरवणारे कोळशावरचे छोटे प्रकल्प. लोहखनिज आणि कोळसा येतो तो बहुतांशी आपल्याच वाघिणींतून. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे दूरदेशीचे वाटू नये. १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपूर राजधानीतून चालत होता. २००३ साली दक्षिण पूर्व मध्य रेल्वे झाली तेव्हा बिलासपूर, रायपूर आणि नागपूर हे तीन विभाग तिच्यात एकत्र आले. गोंदियाचा ट्रॅकमन आणि उरकुऱ्याचा पॉइंट्समन आज एकाच जनरल मॅनेजरच्या हाताखाली काम करतात.

उरला, बिरगाव ही मुळात शेतीची गावे. भाताची खाचरे, तळे, तळ्याकाठी देऊळ, असे छत्तीसगडचे कोणतेही गाव असते तसेच. त्यात वसाहत आली. बाहेरून कंत्राटी कामगार आले, गावच्या पोरांनी शेती सोडून गेटवर रांग लावली, आणि गावाचे बघता बघता शहर झाले. पण नळ मात्र शहराच्या वेगाने आले नाहीत. बऱ्याच वस्त्यांची तहान वर्षानुवर्षे हापशावर आणि बोअरवर भागत आली. म्हणजे नवरा भट्टीवर, बायको हापशावर, आणि दोघांच्या मध्ये कारखान्याची एक भिंत. भिंतीच्या आत जे सांडते ते भिंतीबाहेर त्याच घरच्या हंड्यात येते. ही दोन माणसे दोन वेगळ्या वर्गांची आहेत काय? मग त्यांचे प्रश्न दोन वेगळ्या संघटनांचे कसे झाले?

पाण्यात काय जाते, हे कामगाराला इंजिनियरइतकेच ठाऊक असते, कारण ते त्याच्याच हाताखालून जाते. स्पंज आयर्नच्या भट्टीत खनिज, कोळसा आणि डोलोमाइट घालतात. लोखंडाबरोबर बाहेर पडतो तो जळका चार आणि राख. त्यांचे ढीग आवाराच्या मागे, नाल्याच्या कडेला, कधी शेताच्या बांधावर पडतात. आठ महिने ते ढीग उडतात आणि चार महिने वाहतात. तार आणि पत्रा यांवरचा गंज काढण्यासाठी माल तेजाबाच्या टाकीत बुचकळतात. टाकी जुनी झाली की ते हिरवट-पिवळे पाणी कोठेतरी ओतावेच लागते. ते चुना घालून मारायचे, गाळ वेगळा करायचा आणि परवाना असलेल्या जागी पुरायचा, असा नियम आहे. नियम पाळायला पैसे पडतात आणि रात्रीच्या पाळीत नाला फुकट असतो. फेरो अलॉयच्या स्लॅगमधून मँगनीज येते, आणि जेथे क्रोमचे काम चालते तेथे क्रोमियमचा धोका असतो.

यात रायपूरच्या जमिनीचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. आपल्याकडे दख्खनच्या काळ्या खडकात पाणी फटीफटींतून कष्टाने उतरते. रायपूरच्या पोटात चुनखडी आहे. या भागात सिमेंटचे कारखाने निघाले ते तिच्यामुळेच. चुनखडीत पाणी खडक विरघळवून पोकळ्या आणि नळ्या तयार करते. जमिनीवरचे घाण पाणी मातीतून गाळले जाण्याआधी अशा पोकळीत शिरले, तर ते दूरच्या बोअरला जाऊन मिळू शकते, आणि तेही लवकर. कारखाना या बाजूला आणि खराब हापसा त्या बाजूला, असा प्रकार दिसला की मालकाचा माणूस हसून म्हणतो, "आमचा नाला तर उलट दिशेला वाहतो." नाला वरून कोणत्या दिशेला वाहतो यावर जमिनीखालचा मार्ग ठरत नाही, एवढे तरी गावच्या मंडळींनी त्याला सुनवावे.

वरचे पाणी छोकरा नाल्यातून खारून नदीला मिळते, खारून शिवनाथला आणि शिवनाथ महानदीला. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. तीत छत्तीसगडच्या खारून, शिवनाथ, हसदेव, केलो आणि महानदी या पाचही नद्या आल्या. (महाराष्ट्राने फार मान वर करू नये, ५३ पट्ट्यांसह त्या यादीत आपला पहिला नंबर होता.) परंतु ही यादी पाण्यातल्या कुजणाऱ्या घाणीवरून, म्हणजे मुख्यतः शहरांच्या मैल्यावरून बनवलेली आहे. धातूंची गोष्ट ती सांगत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे एक लिटर पाण्यात शिसे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक नको, आर्सेनिक ०.०१ हून अधिक नको, क्रोमियम ०.०५ हून अधिक नको, मँगनीज ०.१ हून आणि दुसरे पाणीच नसेल तर फार तर ०.३ हून अधिक नको. हे आकडे इतके बारीक आहेत की डोळ्याला, नाकाला, जिभेला त्यांचा पत्ता लागत नाही. तांबडे पाणी पाहून माणूस हंडा ओततो. पण क्रोमियम आणि शिसे प्रमाणाच्या पाचपट असले तरी पाणी आरशासारखे स्वच्छ दिसू शकते. म्हणूनच "पाणी तर चांगले दिसते" हे साहेबाचे उत्तर आणि "पाणी खराब आहे" ही गावाची तक्रार, दोन्ही तपासणीच्या कागदाशिवाय हवेत राहतात. कागद काढण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो काढत नाही, आणि ज्याला हवा आहे त्याला तो परवडत नाही. आमच्या मते उरल्याच्या प्रश्नाची खरी गाठ येथे आहे.

छत्तीसगडच्या कामगाराने हा प्रश्न आज प्रथम पाहिला असे कोणी समजू नये. १९९०-९१ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली भिलाई, उरला, कुम्हारी, टेडेसरा येथले कंत्राटी कामगार उभे राहिले. जगण्यापुरता पगार आणि कायम नोकरी एवढीच त्यांची मागणी होती. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत झोपेत असताना नियोगींची गोळ्या घालून हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी भिलाई पॉवर हाऊस स्टेशनात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि डझनाहून अधिक माणसे मेली. आमच्या रेल्वेच्या रुळांवर सांडलेले ते रक्त आहे, आणि त्या मार्गावर काम करणाऱ्या जुन्या माणसांना ती तारीख सांगावी लागत नाही. नियोगींशी अनेक बाबतींत मतभेद असणारे पुढारी आमच्यातही होते. पण दल्ली-राजहराच्या खाणकामगारांनी वर्गणी आणि श्रमदान करून १९८३ साली शहीद रुग्णालय उभे केले, दारूविरुद्ध मोहीम काढली, जंगल आणि पाणी हा युनियनचा विषय मानला, हे मतभेद बाजूला ठेवून मान्य केले पाहिजे.

त्यानंतर सहा-सात वर्षांनी शेजारच्या दुर्ग जिल्ह्यात काय झाले? बोरई औद्योगिक वसाहतीला पाणी पुरवण्यासाठी १९९८ साली शिवनाथ नदीचा सुमारे २३ किलोमीटरचा पट्टा एका खाजगी कंपनीच्या ताब्यात बावीस वर्षांच्या कराराने देण्यात आला. नदीकाठच्या कोळ्यांना जाळे टाकण्यास आणि शेतकऱ्यांना पंप लावण्यास मनाई झाली. पिढ्यान्‌पिढ्यांचे पाणी एका सहीने परके झाले. पुढे आंदोलने झाली, विधानसभेच्या लोकलेखा समितीनेही करारावर ताशेरे मारले. पण या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहा. कारखान्याला स्वच्छ पाणी हवे असते तेव्हा सरकार नदी लिहून देते, आणि तेच पाणी घाण होऊन गावात परत येते तेव्हा ते कोणाचेच नसते.

मग गावाने कोर्टात जावे काय? जावे, पण बिछडी गावची हकीकत आधी नीट समजून घेऊन जावे. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी हे गाव. १९८८ च्या सुमारास तेथे एच-ॲसिड नावाचे रंगधंद्यात लागणारे रसायन परदेशी पाठवण्यासाठी बनू लागले. काहीशे टन माल निघाला, आणि त्यापोटी सुमारे २,४४० टन विषारी गाळ मोकळ्यावर पडला. पावसाने तो जमिनीत उतरला. विहिरींचे पाणी काळपट-तांबडे झाले. माणसाला तर सोडाच, गुरांना आणि पिकांनाही चालेना. गावकरी चिडून उठले तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी १४४ कलम लावले, ते गावकऱ्यांवर! जानेवारी १९८९ मध्ये एक कारखाना बंद झाला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात अर्ज गेला. आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथली माती आणि पाणी तपासले आणि जमीन पुन्हा सुधारायला किती कोटी लागतील याचा हिशेब मांडला. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी निकाल लागला: ज्याने घाण केली त्यानेच भरून द्यावे, त्याने काळजी घेतली होती की नव्हती हा प्रश्नच नाही. देशातल्या पर्यावरणाच्या कायद्यात हा निकाल मैलाचा दगड मानतात, आणि तो योग्यच आहे. पण पैसे? मालकांनी अर्जामागून अर्ज केले. १८ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले आणि ३७ कोटी ३८ लाखांहून अधिक रक्कम १९९७ पासूनच्या बारा टक्के चक्रवाढ व्याजासह भरण्याचा हुकूम दिला. म्हणजे विहिरी नासल्या तेव्हा जे मूल पाळण्यात होते ते निकालाच्या पूर्तीचा हुकूम निघाला तेव्हा तेवीस वर्षांचे झाले होते. कोर्ट आपल्या बाजूने होते तरी ही अवस्था.

बिछडीत दोन गोष्टी भक्कम होत्या म्हणून खटला टिकला. सरकारी संस्थेची तपासणी कागदावर होती, आणि कारखान्यात काय बनते, किती बनते, किती गाळ निघतो याचे आकडे उपलब्ध झाले होते. यांतली पहिली गोष्ट गावाने मिळवायची असते. दुसरी गोष्ट कोणाला ठाऊक असते? कामगाराला. टाकी कोणत्या वारी रिकामी होते, सांडपाण्याचे यंत्र निरीक्षक येण्याच्या दिवशीच चालते की रोज, राखेची डंपर कोठे जाते, हे मंडळाच्या अधिकाऱ्याला सहा महिन्यांत कळणार नाही ते पाळीवरच्या हेल्परला पहिल्या आठवड्यात कळते. पण हेल्पर कंत्राटी आहे. त्याने तोंड उघडले तर दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपास बंद. तेव्हा कंत्राटी पद्धत हा केवळ पगाराचा प्रश्न राहत नाही. ज्याची नोकरी पक्की नाही त्याची साक्षही पक्की होत नाही, आणि साक्ष नाही म्हणून गावाचे पाणी सुटत नाही.

भोपाळनंतर हे थोडेफार ध्यानात आले होते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ स्टेशनवर कामावर असलेले आमचे किती तरी बांधव जागच्या जागी पडले. आपल्या जिवाची पर्वा न करता गाडी लवकर पुढे काढून देणाऱ्या गुलाम दस्तगीर या डेप्युटी स्टेशन सुपरिंटेंडेंटचे नाव प्रत्येक रेल्वे कामगाराला माहीत असावे. त्या घटनेनंतर १९८७ साली फॅक्टरी ॲक्टमध्ये नवे प्रकरण घातले गेले. धोक्याच्या प्रक्रियेची माहिती कामगारांना आणि आजूबाजूच्या वस्तीलाही दिलीच पाहिजे, आणि धोका दिसला तर कामगाराला तो मांडण्याचा हक्क आहे, असे त्यात लिहिले होते. गॅस एका रात्रीत गेला. जमिनीत मुरलेले विष मात्र राहिले. कारखान्याभोवतीच्या वस्त्यांना नळाने स्वच्छ पाणी देण्याचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाला वीस वर्षांनी, २००४ साली द्यावा लागला. आवारात पडून राहिलेला ३३७ टन कचरा २०२५ च्या जानेवारीत पीथमपूरला हलवण्यात आला, आणि तेथल्या लोकांनी रस्त्यावर येऊन विचारले की आता आमच्या पाण्याचे काय. माती आणि भूजल अजून तेथेच आहेत.

अशा वेळी कायदा अधिक कडक व्हायला हवा होता. झाले काय ते पाहा. पाणी प्रदूषणाचा १९७४ चा कायदा प्रदूषण करणाऱ्याला दीड ते सहा वर्षे कैद सांगत होता. किती मालक तुरुंगात गेले हा वेगळा विषय, पण निदान भीती होती. संसदेने २०२४ साली या कायद्यात दुरुस्ती केली आणि घाण सोडण्याच्या गुन्ह्यासाठी कैदेऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड ठेवला. ही दुरुस्ती लागू करून घेण्यात पहिली राज्ये कोणती? हिमाचल प्रदेश आणि राजस्थान, म्हणजे बिछडी ज्या राज्यात आहे तेच! बाकीच्या राज्यांना विधानसभेत ठराव करून ती घेता येते. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्याला पंधरा लाख ही शिक्षा नव्हे, तो धंद्याचा खर्च आहे. दुसरीकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि जुना फॅक्टरी ॲक्ट त्यांत विलीन झाला. विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीस कामगारांवर नेली गेली. बारा-पंधरा माणसांची तेजाबाची शेड आता कारखानाच ठरत नाही. पण तेजाबाने वीस ही संख्या कोठे वाचलेली आहे?

आता सगळ्यांत अवघड मुद्दा. गावाने पाण्यासाठी आवाज उठवला की मालक कामगारांना गेटवर गोळा करतो आणि सांगतो, "हे लोक तुमची भाकरी बंद करायला निघाले आहेत." आणि ही भीती खोटी नाही. दिल्लीत ८ जुलै १९९६ च्या हुकुमाने १६८ कारखाने शहराबाहेर हलवायचे ठरले. कामगारांची नोकरी अखंड धरावी, त्यांना वर्षभराचा पगार बोनस म्हणून द्यावा, असे न्यायालयाने स्पष्ट लिहिले होते. तरीही अनेक कामगारांच्या हाती काही लागले नाही, कारण मस्टरवर त्यांची नावेच नव्हती. हवा दिल्लीची सुधारली आणि किंमत दिली ती कामगाराने. म्हणून "कारखाना बंद करा" एवढ्या मागणीवर आम्ही डोळे मिटून सही करणार नाही, आणि "कारखाना चालू दे, पाण्याचे मग बघू" या मागणीवर तर मुळीच नाही. आमचे म्हणणे असे आहे की सांडपाण्याचे यंत्र बसवणे आणि चालवणे हा उत्पादनाचाच भाग आहे, जसा कोळसा आहे, जशी वीज आहे. ते न चालवल्यामुळे मंडळाने भट्टी बंद केली तर तो मालकाचा दोष, त्या काळाचा पूर्ण पगार कंत्राटी कामगारासह सर्वांना मिळाला पाहिजे. ही एक अट मान्य झाली की गेटवरचे ते भाषण आपोआप बंद पडेल, कारण गावाशी भांडण्यात कामगाराला काही कारण उरणार नाही.

उरला भागात काम करणाऱ्या सर्व युनियनांनी, झेंडा कोणताही असो, हे मागणीपत्रात घातले पाहिजे. त्याचबरोबर राखेची विल्हेवाट कोठे होते याची नोंदवही कामगार प्रतिनिधींना आणि वस्तीला पाहायला मिळाली पाहिजे. पाण्याच्या कायद्याने राज्य मंडळाला संमतिपत्रांच्या अटींची नोंदवही ठेवायला सांगितले आहे आणि ज्याला झळ पोचते त्याला ती पाहण्याचा हक्क दिला आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज तर आहेच. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे भोपाळचे खंडपीठ छत्तीसगडचे अर्ज घेते, तेथे वकील न लावताही अर्ज करता येतो. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासण्याचे किट आणि शिक्षण द्यायचे ठरलेले आहे. ते किट बहुतेक धातू पकडत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. किटने पाणी चांगले दाखवले म्हणून धातूंची तपासणी सोडू नये, ती प्रयोगशाळेतूनच करून घ्यावी.

आणि रेल्वे? मालधक्क्यावर खनिज आणि कोळसा उघड्यावर उतरतो, पावसात त्याचे लाल-काळे ओघळ गटारात जातात. हमाल बांधव दिवसभर ती धूळ खातात आणि संध्याकाळी त्याच धक्क्यावरच्या नळाचे पाणी पितात. धक्क्याला पक्का तळ, कडेने बंदिस्त गटार, गाळ बसण्याची टाकी आणि पाण्याचे फवारे, ही मागणी आपल्या विभागीय बैठकांच्या विषयपत्रिकेवर यायला हवी. रेल्वे कॉलन्यांत ज्या बोअरचे पाणी टाकीत चढते त्याच्या धातूंच्या तपासणीचा अहवाल शाखा चिटणीसांनी लेखी मागावा. उरकुरा, मांढर, भिलाई येथल्या शाखांनी याची सुरुवात करावी. चंद्रपूर आणि घुग्गुस कडच्या शाखांनीही करावी, कारण २००९ साली केंद्रीय मंडळाने प्रदूषणाचे गुणांक काढले तेव्हा चंद्रपूर ८३.८८ वर आणि कोरबा ८३ वर, असे दोघे हातात हात घालून वरच्या रांगेत बसले होते.

नमुने दोनदा घ्यावे लागतात, एकदा मे महिन्यात पाणी खोल गेलेले असताना आणि एकदा पावसाळा संपल्यावर. बाटली प्रयोगशाळेकडूनच आणावी, धातूंसाठीच्या बाटलीत आधीपासून आम्ल घातलेले असते ते ओतून टाकू नये. बाटलीवर जागा, तारीख, वेळ आणि दोन साक्षीदारांची सही असावी. त्यांतली एक सही गावच्या माणसाची आणि एक कारखान्यात काम करणाऱ्याची असेल, असे शाखांनी पाहावे.